बाइकचं ६५० ट्विन इंजिन ट्राइकला लावता येईल का?

विट्याचा_पंखा

नमस्कार मंडळी. मी विट्याचा. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, पलूसला एका कारखान्यात सीएनसीवर आहे. माझ्याकडे रॉयल एनफिल्डच्या ६५० ट्विनचं इंजिन आहे. चुलतभावाच्या गाडीला अपघात झाला, भाऊ सुखरूप, चासी गेली, इंजिन मी ठेवून घेतलं. बाकावर बांधून चालू करून बघितलंय, आवाज एकदम स्वच्छ आहे.

डोक्यात ट्राइक आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: वर हँगग्लायडरसारखा कापडी पंख, खाली तीन चाकांचा सांगाडा, पाठीमागे इंजिन आणि मागून ढकलणारा प्रोपेलर. शाळेच्या सहलीत पाचगणीला पॅराग्लायडर बघितले तेव्हापासून हे वेड आहे.

माझा हिशेब असा. या इंजिनाची ताकद ४७ हॉर्सपॉवर, सात हजार आरपीएमच्या थोडं वर. जुन्या ट्राइकवर रोटॅक्स कंपनीचं ५०३ इंजिन असायचं, ते साधारण ५० चं. म्हणजे आकडे जवळपास जुळतात. आता प्रोपेलर थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, बसवावा, की बाइकचा गिअरबॉक्स ठेवून एका गिअरमध्ये लॉक करावा? वजन कमी करायला गिअरबॉक्सची बाजू कापून टाकली तर चालेल का? आमच्या भागात देवराष्ट्र्यात भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप तयार झाली, ती सगळ्या देशानं बघितली. मग हेही व्हायला हवं असं मनापासून वाटतं. कुणी केलं असेल तर मार्ग दाखवा.

टू_स्ट्रोक_मिरज

भावा, एवढं जड इंजिन कशाला? आरडी ३५० ही जुनी बाइक शोध. ३४७ सीसी, ३०.५ हॉर्सपॉवरचं हाय टॉर्क मॉडेल, वजनाला हलकं, कॅम नाही, कॅमवर चालणारे व्हॉल्व्ह नाहीत. रोटॅक्स ५०३ सुद्धा टू-स्ट्रोकच आहे की. एकट्या माणसाच्या ट्राइकला तीस घोडे पुरतात. आमच्याकडे मिरजेत अजून दोन-तीन जणांकडे सुटे भाग निघतील.

बोअरिंगवाला_सातारा

बाळा, तुला अरे-तुरे करतोय, माझा मुलगा तुझ्याहून मोठा असेल. तुझ्या प्रश्नात हॉर्सपॉवर आहे, आरपीएम आहे, वजन आहे. कपलिंग, म्हणजे इंजिन आणि प्रोपेलर यांना जोडणारा मधला दुवा, कुठेच नाही. म्हणून लिहायला बसलो.

साताऱ्यात माझं बोअरिंगचं दुकान आहे. बुलेट, यझदी, ट्रॅक्टर आणि आता ही नवी ट्विन, सगळ्यांचे सिलिंडर आणि क्रँक हाताखालून गेलेत. ट्राइकवाल्यांची कामंही बरीच वर्षं करतोय. हब, फ्लँज, पुली, शाफ्ट असली.

आधी सोपं ते. प्रोपेलर थेट क्रँकवर बसवायचा विचार सोडून दे. दीड मीटर व्यासाचा पंखा ७००० आरपीएमला फिरवलास तर टोकाचा वेग सेकंदाला साडेपाचशे मीटर होतो. आवाजाचा वेग ३४० च्या आसपास. टोक आवाजाच्या पुढे गेलं की पंखा ढकलायचं सोडून नुसता किंचाळतो, सगळी ताकद तिथेच जाते. टोक २५० मीटरच्या आत ठेवायचं. २.६ चं रिडक्शन, म्हणजे फिरणं २.६ पटीनं सावकाश करणारी जोडणी, घेतलंस तर इंजिन ७००० ला असताना पंखा २७०० ला फिरेल आणि टोक २१० च्या आसपास राहील. म्हणजे रिडक्शन लागणारच, त्यात दुमत नाही.

आता खरा मुद्दा. इंजिन ताकद सलग देत नाही, ठोक्या-ठोक्यानं देतं. ठोका पडला की क्रँक पुढे उसळतो, पुढचा ठोका येईपर्यंत मागे पडतो. बाइकवर हे आपल्याला जाणवत नाही, कारण क्रँक आणि रस्ता यांच्यामध्ये मऊ जागा भरपूर ठेवलेल्या असतात. क्लच बास्केटमधल्या स्प्रिंगा, चेनचा ढिलेपणा, मागच्या हबमधले कुश रबर आणि शेवटी टायर. कंपनीनं ते इंजिन डिझाइन केलं तेव्हा या सगळ्यासकट केलं. तू चाक काढलंस, चेन काढलीस, कुश रबर काढले, आणि त्या जागी एक जड, लांब, कडक पंखा बोल्टनं आवळलास. आता ठोक्याला पळायला जागा नाही. क्रँक पुढे जायला बघतो, पंखा म्हणतो मी माझ्याच चालीनं फिरणार, आणि या दोघांमध्ये जे काही असेल, गिअरचा दात असो, हबला शाफ्टवर अडकवणारी पाचर (तिला 'की' म्हणतात) असो, शाफ्टवरचे स्प्लाइनचे दाते असोत, ते मार खातं. ठराविक आरपीएमला ठोक्यांचा ताल आणि शाफ्टची स्वतःची पिळण्याची लय जुळली तर कागदावर ५२ न्यूटन-मीटर असलेला टॉर्क कितीतरी पटीनं वाढून शाफ्टवर आदळतो. इंजिनाचा आवाज तेव्हाही गोडच येतो. यालाच टॉर्शनल व्हायब्रेशन म्हणतात. बाइकची इंजिनं विमानाला लावताना जे मोडतं ते बहुतेक वेळा या जागी मोडतं. पिस्टन आणि व्हॉल्व्ह बिचारे ठीक असतात.

दुकानात एकानं तुटलेला शाफ्ट आणला होता, तो मी ठेवून घेतलाय. नव्या पोरांना दाखवतो. तुटलेल्या तोंडावर की-वेच्या, म्हणजे की बसते त्या खाचेच्या, एका कोपऱ्यापासून कमानीसारख्या बारीक रेषा पसरत गेलेल्या आहेत, एकापुढे एक, आणि शेवटचा जेमतेम पाव भाग खरबरीत. याचा अर्थ तो शाफ्ट एका दणक्यात गेला नाही. कोपऱ्यातून चीर रोज थोडी थोडी सरकत होती आणि उरलेल्या पाव भागावर शेवटचं उड्डाण चाललं होतं. तो कोपरा मिलिंगवाल्यानं सरळ काटकोनात काढला होता. तिथे एक-दीड मिलिमीटरची गोलाई दिली असती, फिनिश आरशासारखा केला असता, तर कदाचित चाललाही असता. आणि हबच्या आत, जिथे की बसते तिथे, कुंकवासारखी लाल भुकटी होती. बोटाला लागायची. लोखंडावर लोखंड अगदी सूक्ष्म घासलं की अशी भुकटी पडते. ती भुकटी दिसली की समजायचं, फिट ढिला आहे आणि आत काहीतरी हलतंय. तो माणूस जिवंत आहे, ज्वारीच्या रानात उतरला. मटेरियल ईएन-२४, म्हणजे मजबूत मिश्रपोलाद, होतं, उत्तम होतं. शाफ्ट गेला तो कोपऱ्यामुळे.

आता तुझ्या ट्विनबद्दल. या इंजिनाचा क्रँक २७० अंशांचा आहे. त्यामुळे ठोके समान अंतरानं पडत नाहीत, एकदा २७० अंशांनी आणि एकदा ४५० अंशांनी. गाडीवर त्याचा जो थाप-थाप आवाज येतो तो लोकांना आवडतो, मलाही आवडतो. पण प्रोपेलरच्या दृष्टीनं हा असमान ताल वाईट, कारण त्यात मंद लयीचे झटके जास्त असतात आणि मंद झटके गाळून काढायला कपलिंग फार मऊ लागतं. बॅलन्सर शाफ्टनं इंजिनाची थरथर कमी होते, हा पिळण्याचा झटका कमी होत नाही.

परदेशात बाइकच्या इंजिनांत बीएमडब्ल्यूचं बॉक्सर, आर ११०० आणि त्यापुढची हवा-तेलानं थंड होणारी, ट्राइकला आणि जायरोकॉप्टरला एवढी का लावली जातात, ते यावरून कळेल. दोन सिलिंडर समोरासमोर, ठोका बरोबर ३६० अंशांनी, दोन्ही सिलिंडर आपोआप वाऱ्यात बाहेर आलेले. क्रँक गाडीच्या लांबीत, मागे सुक्या क्लचचं फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स वेगळा बोल्ट केलेला. गिअरबॉक्स काढला की फ्लायव्हीलचं तोंड समोर तयार, त्याला रिडक्शन जोडायचं. आपल्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये, तेलही एकच. कापायला गेलास तर तेलाच्या वाटा, स्टार्टर, केसची ताकद, सगळंच हातातून जाईल. कापू नको.

आणखी एक. तुझी ४७ हॉर्सपॉवर गाडीवर कधी वापरली जाते? पुणे-बंगळूर रस्त्यानं ८० च्या वेगानं जाताना फार तर आठ-दहा लागतात. ओव्हरटेक करताना काही सेकंद जास्त. विमानाला मात्र उड्डाणाला पूर्ण थ्रॉटल, वर चढेपर्यंत पूर्ण थ्रॉटल, त्यानंतर तासभर सलग पाऊण ताकद. आणि चढताना वेग कमी, म्हणजे वाराही कमी, नेमकी तेव्हाच उष्णता सगळ्यात जास्त. तेलाचं तापमान आणि स्पार्क प्लगच्या बुडाशी हेडचं तापमान, हे दोन काटे समोर नसतील तर इंजिन चालूच करू नये असं माझं मत आहे.

त्यात आपला मे महिना. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, दुपारी ४० अंश. ती हवा इतकी विरळ असते की इंजिनाला आणि पंखाला आपण पाच हजार फुटांच्या वर आहोत असं वाटतं. तुझ्या ४७ चे तिथे ४० राहतील. कापडी पंखालाही तेवढी जास्त धाव लागेल. सकाळी सहाला आणि दुपारी दोनला ते एकच यंत्र दोन वेगळ्या यंत्रांसारखं वागतं.

मिरजेच्या मित्राला: आरडीवर माझंही प्रेम आहे. पण ३५-४० वर्षांपूर्वीचे क्रँक, पुन्हापुन्हा बोअर केलेले सिलिंडर आणि हाती लागतील ते सील. टू-स्ट्रोक लीन झालं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, की आगाऊ सूचना देत नाही, सरळ सीझ होतं. रोटॅक्सनं ५०३ ला प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि दोन स्वतंत्र इग्निशन दिली, रिडक्शन गिअरबॉक्स त्याच्यासाठीच बनवला. फक्त टू-स्ट्रोक असल्यानं दोन्ही सारखे होत नाहीत.

जुनी_विमानं

बोअरिंगवाल्या दादांनी इतकं छान समजावलंय की मी फक्त थोडा इतिहास जोडतो. बाइकच्या इंजिनावर उडायचं वेड आजचं नाही, विमानांच्या अगदी सुरुवातीचं आहे.

२५ जुलै १९०९ ला ब्लेरिओनं इंग्लिश खाडी पार केली ती अँझानीच्या तीन सिलिंडरच्या २५ हॉर्सपॉवर इंजिनावर. हा अँझानी मुळात मोटरसायकलच्या शर्यतींतला माणूस. अमेरिकेत ग्लेन कर्टिस आधी मोटरसायकली बनवायचा. त्याचं इंजिन १९०४ मध्ये बाल्डविनच्या एअरशिपवर बसलं आणि तिथून तो विमानांकडे वळला. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये लिम्प्नला हलक्या विमानांच्या स्पर्धा झाल्या. तिथे इंग्लिश इलेक्ट्रिकचं रेन नावाचं विमान एबीसी कंपनीच्या ३९८ सीसी बाइक इंजिनावर उडालं आणि एका गॅलनमध्ये ८७.५ मैल काढून त्यानं बक्षीस वाटून घेतलं. पुढे शिकागोच्या हीथ कंपनीचं पॅरासोल विमान हेंडरसन मोटरसायकलच्या चार सिलिंडर इंजिनावर उडायचं, आणि ते लोक घरी बांधायचे.

ही सगळी विमानं पाहिली तर एक गोष्ट सारखी दिसते. ती अगदी हलकी होती, इंजिन सावकाश फिरायचं, पंखा बहुधा थेट क्रँकवर. त्यामुळे रिडक्शनचा प्रश्न त्यांना तितका आला नाही. आजची बाइक इंजिनं ताकद काढतात ती आरपीएम वाढवून. दादा म्हणतात तो त्रास तिथून सुरू झाला.

विट्याचा_पंखा

काका, हात जोडून आभार. एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मी शांतपणे दोनदा वाचलं.

मग मला असं वाटतंय: गिअरबॉक्स आहे तसा ठेवायचा, मधल्या एखाद्या गिअरमध्ये कायमचा लॉक करायचा. प्रायमरी आणि तो गिअर मिळून अडीचच्या जवळपास रिडक्शन निघेल. पंखा स्प्रॉकेटच्या जागी. बास्केटमधल्या स्प्रिंगा तर राहतातच. हे चुकतंय का? आणि पंखा किती जड चालतो ते कसं ठरवायचं? लाकडी बघितलाय एक, तीन किलोच्या आसपास आहे.

अजून एक. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि वायरिंग गाडीचंच आहे, ते तसंच वापरू का?

बोअरिंगवाला_सातारा

ईसीयूपासून सुरू करतो, कारण ते लोक विसरतात. गाडीला साइड स्टँडचा सेन्सर आहे आणि गाडी आडवी पडली तर इंजिन बंद करणारा सेन्सर आहे. रस्त्यावर ते जीव वाचवतात. हवेत एका सैल कनेक्टरमुळे ईसीयूला वाटलं की स्टँड खाली आहे, तर इंजिन गेलं. त्याशिवाय प्रत्येक सिलिंडरला एकच प्लग, आणि पंप, इंजेक्टर, इग्निशन सगळं एकाच बॅटरीच्या भरवशावर. विमानाच्या इंजिनाला दोन प्लग आणि दोन वेगळ्या इग्निशन का देतात ते यावरून कळतं. एक गेली तरी दुसरीवर माणूस खाली येतो. स्टँडवर गाडीचं वायरिंग चालेल. त्याच्या पुढे नाही.

आता गिअरबॉक्स. ठेवायला हरकत नाही, तुझी विचाराची दिशा बरोबर आहे. पण पंखा स्प्रॉकेटच्या शाफ्टवर नको. तो शाफ्ट चेन बाजूला ओढेल एवढ्यासाठी बनवलाय. पंखा त्याला लांबीच्या दिशेनं ढकलणार, शंभर-एकशेवीस किलोनं. शिवाय ट्राइकनं नाक वर-खाली केलं की फिरणारा पंखा भोवऱ्याच्या नियमानं आडवा पिळा देतो, तो वेगळाच. म्हणून पंख्याला स्वतःचा शाफ्ट, स्वतःची दोन बेअरिंग लांब अंतरावर, त्यातलं एक थ्रस्ट, म्हणजे हा लांबीच्या दिशेचा रेटा, घेणारं. स्प्रॉकेटच्या शाफ्टपासून तिथपर्यंत दातेरी पट्टा, आणि पंख्याच्या बाजूच्या पुलीत रबराचं कपलिंग. रबर जितकं मऊ तितकी ती वाईट लय खाली सरकते. ती आयडलच्याही खाली ढकलायची, म्हणजे इंजिन चालू-बंद करताना क्षणभरच तिच्यातून जावं लागतं. म्हणूनच अशा इंजिनांचं आयडल उंच ठेवतात. रोटॅक्स ९१२ ला १४०० च्या खाली आयडल ठेवायची परवानगीच नाही. तुझं २७० अंशांचं असल्यानं तुला त्याहून वर जावं लागेल.

पंख्याचं नुसतं वजन बघून काही कळत नाही. वजन टोकाकडे किती आहे ते महत्त्वाचं, म्हणजे जडत्व. रोटॅक्सच्या बी गिअरबॉक्सला ३००० किलो-सेंटिमीटर-वर्ग एवढंच जडत्व चालतं, सी गिअरबॉक्सला ६०००. हे घरी मोजता येतं, आणि करताना मजा येते. पंखा आडवा धरून दोन बारीक, सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी तुळईला टांग, दोऱ्या मध्यापासून दोन्हीकडे समान अंतरावर. मग त्याला मध्याभोवती थोडा पीळ देऊन सोड. तो डावी-उजवीकडे सावकाश झुलायला लागेल. वीस झोक्यांचा वेळ घे, वीसनं भाग. तुझा तीन किलोचा पंखा, दोऱ्यांतलं अंतर ६० सेंटिमीटर, दोरीची लांबी दीड मीटर धरली आणि एका पूर्ण झोक्याला २.६ सेकंद लागले, तर जडत्व ३००० च्या जवळ आहे. वेळ दुप्पट झाला तर जडत्व चौपट. घरातले पंखे बंद कर, खिडकी लाव, वारा लागता कामा नये.

आता माझं म्हणणं ऐक. हे इंजिन जमिनीवरच्या स्टँडवर चढव. उडायचं ठेव बाजूला. लोखंडी चॅनलचा गाडा, खाली रूळ, मागे हँगिंग काटा लावून ओढ मोज. पंख्याच्या रेषेत, म्हणजे डावी-उजवीकडे, कुणीही उभं राहायचं नाही, चारी बाजूंनी जाळी. पाच मिनिटं पूर्ण थ्रॉटल, मग पाऊण थ्रॉटलला तासभर, थंड होऊ दे, पुन्हा. असे पन्नास तास होऊ देत. दर दहा तासांनी ऑइल फिल्टर काप, कागद उलगड, पांढऱ्या कपड्यावर पसर आणि उन्हात धर. बारीक चमचम चालते. लोहचुंबकाला चिकटणारे तुकडे चालत नाहीत, ते गिअरचे किंवा बेअरिंगचे असतात. पट्ट्याच्या पुलीभोवती काळी भुकटी किती आणि कपलिंगच्या बोल्टभोवती लाल भुकटी आहे का, तेही बघ. पन्नास तासांनी सगळं खोल. क्रँक घेऊन माझ्याकडे ये, आपण डाय पेनिट्रंट, म्हणजे चीर दाखवणारा रंग, मारू आणि वाकलाय का ते डायलवर फिरवून बघू. पैसे नकोत. मला बघायचंय काय निघतं ते.

पेट्रोलचंही सांगून ठेवतो. पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पावसाळ्यात अर्धी टाकी बरेच दिवस राहिली तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या बुडाशी वेगळा थर जमतो. रस्त्यावर गाडी गचके खाते, उतरून ढकलता येते. रोटॅक्स स्वतःच्या ९१२ ला १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं म्हणते. टाकीच्या सगळ्यात खालच्या जागी ड्रेन कॉक ठेव आणि रोज पहिल्यांदा काचेच्या बाटलीत थोडं काढून बघ.

पाचगणी_पायलट

दादा, मी पाचगणीला टँडम पॅराग्लायडिंग करते, आमच्या ग्रुपमध्ये पॅरामोटर उडवणारेही आहेत. इंजिनातलं मला काका सांगतात तेवढं कळत नाही. पण इंजिन बंद पडल्यावर काय होतं ते मला माहीत आहे, कारण आम्ही कायम इंजिनाशिवायच उतरतो.

बंद इंजिनाचा ट्राइक हजार फुटांवरून वारा नसताना जेमतेम दीड-दोन किलोमीटर जातो. आता विट्यापासून तासगाव, पलूस, कृष्णाकाठ डोळ्यांसमोर आणा. तासगावकडे द्राक्षबागा, म्हणजे लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. वरून ती हिरवी चादर मऊ दिसते, त्यात उतरणं म्हणजे तारेवर पडणं. नदीकडे ऊस, डोक्याच्या वर, आत गेलात तर बाहेरून कुणाला दिसणारही नाही. त्यात विजेच्या तारा शेताशेतातून. उसाची तोड झाल्यावर रानं मोकळी होतात खरी, पण कोणतं रान कधी मोकळं होईल ते कुणी सांगू शकत नाही. आमच्याकडे शिकवताना पहिला धडा हाच असतो: उतरायची जागा आधी नजरेत, मग हात पुढे.

कायद्याचंही गंभीरपणे घ्या. ट्राइक मायक्रोलाइटमध्ये, म्हणजे अगदी हलक्या विमानांत येतो, त्यामुळे डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं) नोंदणी, उड्डाणाची परवानगी, पायलटचा परवाना, सगळं लागतं. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झालाय. कवलापूरच्या जुन्या विमानतळाची जागा मोकळी दिसते म्हणून तिथे 'फक्त एक उडी' मारायचा मोह धरू नका. अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात सगळ्यांनी पाहिलं, तरी नोंदणी हातात यायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. त्यांनी चिकाटी सोडली नाही, आणि कागद पूर्ण केले. तुम्हीही तोच रस्ता धरा. मधल्या काळात उडायला शिका. इकडे या, आधी जमिनीवर पंख सांभाळायला शिकवते.

विट्याचा_पंखा

ताई, काका, ठरलं. आधी स्टँड. आमच्या रानात विहिरीशेजारी काँक्रीटचा कट्टा आहे, तिथे जागा आहे, आजूबाजूला वस्ती नाही. कारखान्यातल्या आमच्या फोरमननी पुली काढून द्यायचं कबूल केलंय, सुट्टीच्या दिवशी. आणि ताई, दिवाळीनंतर पाचगणीला येतो शिकायला, नक्की.

काका, एकच शंका. स्टँडवर इंजिन कडक बसवू की रबरावर? आणि शाफ्टच्या की-वेचं काय करू, की-वेच नको असेल तर?

बोअरिंगवाला_सातारा

इंजिन रबरावर, पण गाडीच्या मूळ माउंटिंगच्या भोकांतूनच. केसवर नवीन भोक पाडू नको, नवीन ब्रॅकेट वेल्ड करू नको, ॲल्युमिनियमची केस तिथून चिरते. पंख्याचा शाफ्ट आणि त्याची बेअरिंग मात्र इंजिनालाच घट्ट धरणाऱ्या प्लेटवर बसव. इंजिन हललं तर सगळं एकत्र हललं पाहिजे, नाहीतर पट्ट्याचं ताणणं दर सेकंदाला बदलत राहील.

की-वे नको, हे तुझं बरोबर आहे. टेपर कर, एकास दहाचा, आणि निळा रंग लावून हब बसवून बघ. ऐंशी टक्क्यांहून जास्त जागेवर रंग उमटला पाहिजे, आणि रुंद बाजूला नक्की उमटला पाहिजे. नाही उमटला तर लॅपिंग पेस्टनं हातानं घास, लेथवर घाई नको. शाफ्टवर जिथे जिथे व्यास बदलतो तिथे किमान दीड मिलिमीटरची गोलाई, आणि टूलचे ओरखडे बारीक पॉलिश पेपरनं लांबीच्या दिशेनं पुसून टाक, गोल दिशेनं नाही. नट टॉर्क रेंचनं आवळ आणि लॉक वायर अशी ओढ की नट सुटायला लागला तर वायर त्याला आवळेल.

ड्रॉइंग कागदावर हातानं काढलंस तरी चालेल. फोटो काढून इथेच टाक, मटेरियल कापायच्या आधी. फोरमननाही सांग की गोलाईची मापं ड्रॉइंगवर लिहिलेली नसतील तर जॉब मशीनवर चढवायचा नाही.